थैलीत शिवलेलं वचन

हिरीबाईचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो. आमच्या मानोऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी भक्ती सुरू होताना पुढे उभा असलेला माणूस म्हणतो, "देव चांगला आहे!" आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "सदासर्वकाळ!" आम्ही पन्नास-साठ माणसं, वर पत्रे, दोन पंखे, खाली सतरंजी, मागे म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. शाळेत हजेरी द्यावी तसे सगळे पुटपुटतात. हिरीबाई मात्र पत्रे हलतील अशी ओरडते. मी एकदा तिला म्हटलं, "हिरीबाई, देव काही बहिरा नाही."

"देव नसन, मास्तर," ती म्हणाली, "पन मांगं बसलेले झोपते ना."

मागच्या खुर्चीत मीच बसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि मंडळीचा सेक्रेटरी आहे. स्वभाव चांगला नाही. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी लाल पेनाने दुरुस्त करतो आणि मगच लग्नाला जायचं की नाही ते ठरवतो. बायको नीलिमा म्हणते, "तुमाले मानसापक्षा वेलांटीची काळजी जास्त." अशा माणसाने भर मंडळीत शास्त्रातलं वचन खोटं वाचलं. गोष्ट हिरीबाईची आहे, पण तिच्यात हे माझं पाप आहे, म्हणून ती मीच सांगितली पाहिजे.

हिरीबाई तांड्यात राहते, मानोऱ्यापासून तीन किलोमीटरवर. तिचा सासरा लखमा हा तांड्यातला पहिला ख्रिस्ती. बैलाने पोटात शिंग खुपसलं तेव्हा दवाखान्यात एक नर्सबाई महिनाभर त्याच्या उशाशी बसत होती. ती डोळे मिटून कोणाशी बोलते, असं लखमाने विचारलं. एवढंच झालं. पुढे तांड्यात बरीच बोलाचाली झाली, पण लखमाचं वावर आणि लखमाचा स्वभाव दोन्ही होते तिथेच राहिले, म्हणून लोकही हळूहळू गप्प झाले. हिरीबाई लग्न होऊन आली ती या घरात. नवरा सोमला आणि ती दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, उन्हाळ्यात परत येत. दहा वर्षांपूर्वी सोमला तिकडेच तापाने गेला. त्याला तिकडच्याच मातीत ठेवून ती परत आली. सोबत दहावीतली पोरगी, संगीता.

ती परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी धास्तावून बसलो होतो. म्हटलं, आज ही काय म्हणेल? पुढून आवाज आला, "देव चांगला आहे!" आणि हिरीबाई ओरडली. आवाज फाटलेला होता, पण ओरडली. त्या दिवसापासून मला तिची भीतीच वाटू लागली. मी देवाशी व्यवहार ठेवून असणारा माणूस. सकाळी प्रार्थना, रविवारी भक्ती, जास्त खोलात जायचं नाही. तिचं तसं नव्हतं. ती स्वयंपाक करता करता त्याच्याशी बोले, निंदताना बोले, त्याच्यावर चिडेसुद्धा.

तिने मग ऊसतोड सोडली. पोरीच्या डोक्यावर मोळी येऊ द्यायची नाही, हा एकच हट्ट. एक गाय ठेवली, लोकांच्या वावरात रोजाने गेली आणि संगीताला शिकवलं. संगीता पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे दिग्रसच्या रस्त्यावर पळायची. मी फिरायला निघालो की मला मागे टाकताना ओरडायची, "सर, साइड!" परवाच्या वर्षी डिसेंबरात तिचे बूट पायात जाईनात. पाय सुजले, मग तोंड सुजलं. वाशीमला तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पोरगी चोवीस वर्षांची.

नीलिमा निवृत्त नर्स आहे. तिने कागद पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "डायलिसिस लागन आता. हप्त्यातून दोनदा, जनमभर. नाहीतर कोनाची किडनी. हिरीबाईले शुगर हाय, तिची कोनी घेनार नाही." मग ती बाहेर जाऊन हिरीबाईशी इतक्या मऊपणे बोलली, की तिने आत काय सांगितलं ते मी स्वप्नात ऐकलं की काय असं मला वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक जानेवारी आली.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या सकाळी वचन काढायची रीत आहे. शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकतात. एकेक जण पुढे येऊन चिठ्ठी उचलतो. जे निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. लोक ते पाकिटात ठेवतात, कपाटाच्या दाराला चिकटवतात, वर्षभर त्यावर भरवसा ठेवतात. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं, कारण अक्षर माझं. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहितो. ज्यांना वाचता येत नाही ते चिठ्ठी माझ्याकडे आणतात, मी उभा राहून मोठ्याने वाचतो आणि सगळी मंडळी आमेन म्हणते.

आमचे पाळक वाशीमहून येतात. त्या वर्षी ते मला म्हणाले होते, "मास्तर, सगळी गोडगोड वचनंच नका लिहू. शास्त्रात कडूही आहे." मला ते पटलं. मी चार-पाच कडू वचनं लिहून टाकली आणि स्वतःवर खूश झालो.

हिरीबाईने त्यातलंच एक उचललं.

मी चिठ्ठी उघडली. माझंच अक्षर, माझीच शाई. त्यात एक माणूस म्हणत होता की झाडं वांझ राहिली, वावर उजाड झालं, गोठा रिकामा पडला, तरी देवाच्या ठायी असलेला माझा आनंद जाणार नाही. समोर हिरीबाई उभी. तिच्या मागे भिंतीला टेकून सुजलेल्या तोंडाची संगीता. त्या आठवड्यात तिच्या हातात पहिल्यांदा मशीनच्या सुया गेल्या होत्या, पट्टी अजून तशीच होती. हिरीबाई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की जणू मी वाचेन तेच होणार आहे.

माझी जीभ पुढे सरकेना. आणि मग ती सरकली, भलतीकडेच. मी वाचलं, "मी तुझे अश्रू पाहिले आहेत. मी तुझ्या लेकराला बरं करीन."

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. हिरीबाईने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांना लावली आणि खाली बसून रडली.

असं वचन शास्त्रात कुठेही नाही. कुठल्यातरी राजाला म्हटलेले चार शब्द घेतले, उरलेले मीच जोडले. पोरांनी निबंधात थापा मारल्या तर मी त्यांना वर्गाबाहेर काढत असे.

घरी आल्यावर नीलिमाने चप्पल काढायच्या आत विचारलं, "चिठ्ठीत काय होतं?"

"वाचलं तेच."

"तुमी खोटं बोलता तवा मान खाजवता. वाचताना खाजवत होते."

मी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त पलंगावर बसली आणि म्हणाली, "पोरगी बरी नाही होनार हो. मले माईत हाय ना. काय करून बसले तुमी हे?"

दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी हिरीबाईच घरी आली. हातात एक लाल थैली, बोटभर लांब. तांड्यातल्या बायका करतात तसा तिच्यावर पिवळ्या-निळ्या दोऱ्याचा कशिदा, मधे बारीक आरसा. चारही बाजूंनी गच्च शिवलेली. "वचन आत हाय," ती म्हणाली. "रातभर बसून शिवलं. पोरीच्या गळ्यात घालतो."

हे असं फक्त आमच्या हिरीबाईलाच सुचणार. चिठ्ठी कपाटाला चिकटवली असती तर संगीताने पहिल्याच दिवशी वाचली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. आता ती कोणी वाचू शकत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लगेच भीती वाटली.

पाळकांना ती थैली दिसली तेव्हा ते रागावले. "हिरीबाई, हा ताईत झाला. शास्त्र गळ्यात नाही, काळजात बांधायचं." मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "कोणत्या अध्यायातलं वचन होतं ते, मास्तर?" मी म्हटलं, पाहून सांगतो. हिरीबाई म्हणाली, "पाळकसाहेब, काळजात बांधलंच हाय. पन माहं काळीज पोरीच्या गळ्यात हाय, तिथंच बांधीन ना?" पाळक हसले आणि अध्याय विसरले. मी मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांची गाडी दिसली की मागच्या दाराने बाहेर पडायचो.

मंगळवार आणि शुक्रवार. सकाळच्या एसटीने मायलेकी वाशीमला जायच्या, संगीता चार तास मशीनला, संध्याकाळी परत. या दोन दिवशी मला काही सुचत नसे. फोन वाजला की हातातलं सुटायचं. कधी संगीताचं बीपी खाली जायचं, कधी हातातली नस बंद पडायची, कधी एसटीच यायची नाही. परतताना हिरीबाई आमच्या दारात थांबायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, "मास्तर, एकडाव म्हना ना ते वचन."

आणि मी म्हणायचो. काय करणार? एकदा म्हटलेलं पन्नासदा म्हणावं लागतं. सुरुवातीला माझा आवाज कापायचा, पुढे तोही कापेनासा झाला, हे तर त्याहून वाईट. ती डोळे मिटून ऐकायची. संगीता माझ्याकडे बघत राहायची.

मला सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. देवाने बरं करतो म्हटलंय, मग मशीन कशाला, असं म्हणून यांनी जाणंच थांबवलं तर? मग पोरीच्या मरणाला मीच कारण. आषाढात ती वेळ आली. संगीता कंटाळली होती. आमच्या ओसरीवर बसून आईला म्हणाली, "याडी, देवानं सांगतलं ना बरं करतो म्हनून? मंग मी उद्या नाही जात. सुयांनी हात चाळनी झाला माहा." आईला ती त्यांच्या बोलीत याडी म्हणायची. हिरीबाईने तिच्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वचन त्याचं हाय, बाई. पन एसटी त आपल्यालेच पकडा लागते ना. चाल."

मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. नीलिमा म्हणाली, "रडून राह्यले का?" मी म्हटलं, डोळ्यात साबण गेला.

त्याआधी उन्हाळ्यात गाय गेली होती. दोन दिवस वाशीमला, बाकीचे दिवस रोज आणि पोरीची चाकरी, गाईकडे बघायला कोणी नव्हतं. वासरासकट देऊन टाकली. हिरीबाईने मला ते रस्त्यात सांगितलं, सहज, बाजार सांगावा तसं. "गोठा रिकामा झाला, मास्तर." हे शब्द ऐकून मी घरी कसा आलो मला आठवत नाही. ते चिठ्ठीतलेच शब्द होते. थैलीत शिवलेलं खरं होत चाललं होतं आणि मी म्हटलेलं काही केल्या होत नव्हतं.

सप्टेंबरात एका शुक्रवारी हिरीबाई औषधं आणायला बाजारात गेली आणि संगीता आमच्या ओसरीवर थांबली. पोरीत काही उरलं नव्हतं. पळणारे पाय काटक्या झाले होते. ती म्हणाली, "सर, एक सांगू? मी वाचलं ते."

मी विचारलं नाही, काय ते. गळ्यातली थैली तिने हातात धरली होती. एका बाजूचे टाके हिरवे होते.

"मार्चमदीच उसवली होती. याडीपाशी पिवळा दोरा दिसला नाही, मंग हिरव्यानं शिवली. तिचं ध्यान नाही गेलं. मंग तिच्यापुढं मीबी ते वचन खरं धरूनच बोलत राह्यली." ती हसली. "सर, तुमी कायले असं केलं, ते मले समजते. मले राग नाही."

मी मान खाली घातली. आयुष्यात मी इतक्या पोरांना माफी मागायला लावली, त्या दिवशी मी स्वतः ओसरीवरचा कचरा पायाने बाजूला सारत बसलो.

"मलेबी बरं वाटलं होतं तवा," ती म्हणाली. "पन आता एक करजा. मी गेल्यावर याडीले खरं सांगजा. चिठ्ठी वाचून दाखवजा तिले."

"अगं, तिचा विश्वास मोडेल," मी म्हटलं. "एवढ्या एका आधारावर उभी आहे ती."

"नाही सांगतलं तर मोडन," संगीता म्हणाली. तेवढ्यात हिरीबाई आली आणि बोलणं तिथेच राहिलं. त्या पोरीला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. मला वाटलं, आजारपणात माणूस काहीही बोलतो.

नोव्हेंबरात, मंगळवारी, वाशीमला पोचायच्या आधी एसटीतच संगीता गेली. आईच्या मांडीवर डोकं होतं. हिरीबाईला वाटलं झोपली.

दफनाच्या वेळी तांडा आला, मंडळी आली, भरतीची तयारी करणाऱ्या पोरी बूट घालून आल्या. माती टाकायच्या आधी हिरीबाई खाली वाकली आणि तिने पोरीच्या गळ्यातली थैली काढून घेतली. पाळक म्हणाले, "राहू द्या ना, बाई." ती म्हणाली, "नाही. हे पुरं झालं नाही." आणि थैली कनवटीला खोचली. बाकी ती काही बोलली नाही, रडलीही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही आली नाही. "देव चांगला आहे!" म्हटल्यावर पुटपुट झाली आणि विरली. सगळ्यांनी एकदा तिच्या जागेकडे पाहिलं. मंडळीतल्या गोमतीबाई तिला भेटायला गेल्या तर तिने चहा दिला, पण प्रार्थना करू म्हटल्यावर उठून पाणी आणायला गेली ती गोमतीबाई निघेपर्यंत आलीच नाही. नवरा गेला तेव्हा सुद्धा ही बाई अशी वागली नव्हती.

मी रोज ठरवायचो आणि रोज काही ना काही निघायचं. एक दिवस गुडघा, एक दिवस पाहुणे. संगीताचं बोलणं मी नीलिमाला सांगितलं होतं. शेवटी तिनेच माझी काठी आणि टोपी ओसरीवर आणून ठेवली. "मेलेल्या पोरीले हो म्हनून बसले तुमी. आज जा, नाहीतर आज जेवन नाही." मी म्हटलं, मी हो म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही बी नव्हतं म्हटलं."

मी तीन किलोमीटर चालत गेलो. रिक्षा मिळत होती, मुद्दाम घेतली नाही, उशीर व्हावा म्हणून. हिरीबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बाजूला गोठा, आत नुसता खुंटा, त्याला दावं तसंच बांधलेलं. तिने मला बाज दिली आणि ओंजळभर हिरवे दाणे पुढे ठेवले. मी खाऊ शकलो नाही.

"मंडळीत येत नाही तुमी," मी म्हटलं. तांड्यात गेलो की माझीही जीभ वऱ्हाडी होते.

"येऊन काय म्हनू?" ती शेंग सोलत राहिली. "तुमी सांगा. पुढून म्हनते देव चांगला हाय. मी काय म्हनू? सोमला गेला तवा मी रुसली नाही, मास्तर. सोमलासाठी त्यानं शब्द देलाच नव्हता. मानूस हाय, मरते. पन पोरीसाठी त्यानं सोताहून शब्द देला. म्या मांगतला बी नव्हता. डब्यातून काढून हातात देला माह्या. वरिसभर गळ्यात बांधून फिरली पोरगी. अन् मंग मोडला. चांगला मानूस असं करन का?"

तेव्हा कुठे मला संगीताचं बोलणं कळलं.

मी सांगितलं. लहान पोरासारखं, मान खाली घालून, एका दमात. चिठ्ठीत दुसरंच होतं. मी वाचलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी बनवलं. तुमचं तोंड पाहून मला खरं वाचवलं नाही.

शेंगा सोलायचा आवाज थांबला. मग तिने कनवटीची थैली काढली, सुई घेतली आणि टाके उसवू लागली. तीन बाजू झाल्या आणि चौथीला तिचा हात थांबला.

"हा टाका माहा नाही," ती म्हणाली. हिरव्या दोऱ्यावरून तिने बोट फिरवलं. "हे संगीताचं हाय. ते असंच लांब लांब टाकत जाय. किती सांगतलं तरी." मग एकदम माझ्याकडे पाहिलं. "तिले माईत होतं?"

"मार्चपासून. तिनंच मले सांगतलं का याडीले खरं सांगजा."

तेव्हा ती रडली. दफनापासून साठलेलं सगळं त्या चार टाक्यांवर रडली. हिरवा दोरा तिने उसवला नाही. चिठ्ठी दुसऱ्या बाजूने ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. "वाचा."

मी वाचलं. वांझ झाडं, उजाड वावर, रिकामा गोठा, आणि तरीही. वाचताना मी गोठ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं.

मी मनात म्हणत होतो, आता ही थैली चुलीत टाकेल, शास्त्रही टाकेल, सगळं संपलं आणि माझ्यामुळे संपलं.

"म्हंजे त्यानं शब्द मोडला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुमी मोडला."

"हो."

आणि मग ती चिडली. हिरीबाईला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "तुमाले काय वाटलं, मास्तर? म्या माह्या नवऱ्याले परमुलखात मातीत ठेवलं अन् परत येऊन भाकरी थापल्या. मले खरं पेललं नसतं? हे बोल मले जानेवारीतच पायजे होते. मी त्याले सांगतलं असतं, बाप्पा, तू घेनार असशीन तर घे, पन जवळ बसून राह्य. आमी दोघी अन् तो, तिघं मिळून रडलो असतो. तुमी त्याले खोट्यात काढलं! महिनाभर झाला मी त्याच्याशी बोलली नाही. पोरगी गेल्यावर मले बोलाले तो एकटाच उरला होता, अन् तुमी आमचं बोलनं तोडलं!"

मी उठलो. "माफी..." मी म्हटलं.

"जा आता," ती म्हणाली. "मले त्याच्याशी बोलाचं हाय. लय बोलाचं हाय."

मी काठी घेऊन निघालो. तांड्याच्या वळणावर मागे पाहिलं तर ती तिथेच दारात बसली होती, मांडीवर शेंगांचं सूप, आणि तोंड हलत होतं. भांडत होती की काय, इतक्या लांबून कळलं नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे जो तो उठून आपला अनुभव सांगतो तेव्हा, मी उभा राहिलो आणि मंडळीला सगळं सांगितलं. कोणीतरी खोकलं. पाळक खाली पाहत होते. मी म्हटलं, यंदा चिठ्ठ्या दुसऱ्या कोणी लिहाव्यात. घरी आल्यावर नीलिमाने कात्री आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "अक्षर दुसऱ्या कोनाचं चांगलं हाय? लिहा. पन आता आपलं डोकं चालवू नका."

एक जानेवारीला सकाळी मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. भक्ती सुरू व्हायच्या आत दारात हिरीबाई दिसली. थैली कनवटीला होती, हिरव्या टाक्याची बाजू वर. ती बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली. पुढून आवाज आला, "देव चांगला आहे!" आम्ही सगळे तिच्याकडे न पाहता तिच्याकडेच कान लावून होतो. ती काही म्हणाली नाही. ओठ मिटलेले.

डबा उघडला. एकेक जण पुढे जाऊन चिठ्ठी घेऊ लागला. हिरीबाई सगळ्यात शेवटी उठली, हात घातला, चिठ्ठी काढली. पाळकांनी हात पुढे केला, "द्या, मी वाचतो." गोमतीबाईंची नातही वाचायला उभी राहिली. हिरीबाई त्या दोघांना ओलांडून, सतरंजी संपेपर्यंत चालत मागे आली आणि माझ्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"वाचा," ती म्हणाली. "जे हाय ते."

मी उठून उभा राहिलो. चिठ्ठी उघडली. त्यात गोड काही नव्हतं. देवाच्या वाटा माणसाच्या वाटांसारख्या नसतात, त्या फार उंचावरून जातात, अशा अर्थाचं होतं. माझा हात मानेकडे गेला, तो मी खाली घेतला. आणि वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

"एवढंच हाय?" तिने विचारलं.

"एवढंच."

तिने चिठ्ठी घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली, घडी घातली.

"आमेन!" हिरीबाई म्हणाली. मागच्या खुर्चीत कोणी झोपलेलं असतं, तर दचकून जागं झालं असतं.